ग्रहणापासून अतिप्रवाहितेपर्यंत : हेलियम आणि दख्खन

अफझलगंज येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची, म्हणजे जुन्या आसफिया ग्रंथालयाची, ओळख आपल्या वाचकांना नव्याने करून देण्याचे कारण नाही. १८९१ साली ते स्थापन झाले. त्याच्या तेवीस वर्षे आधी, १८ ऑगस्ट १८६८ रोजी, दख्खनवरून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. पटवर्धनांच्या जमखंडीत हर्शेल, गुंटूरला टेनंट व जान्सन आणि मच्छलीपट्टणला पॉगसन यांनी वेध घेतले. निजामाच्या राज्यातील वनपर्तीस मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी आपले पथक घेऊन सज्ज होते. परंतु ऐन वेळी ढग आडवे आले.

सूर्यज्वालांच्या वर्णपटातील पिवळी रेषा सोडियमची नसून हेलियम या नव्या मूलद्रव्याची आहे, हे पुढे ठरले. लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हा वेध घेतला, अशी कथा कोकणात रूढ आहे. प्रत्यक्षात ते इंग्लंडात होते आणि ज्वालांचा वर्णपट त्यांनी ऑक्टोबरमध्ये तेथूनच पाहिला. आपल्या भूमीचा खरा मान पुरेसा असताना त्यास आख्यायिकेचा टेकू देऊ नये, असे आम्हांस वाटते.

१८९५ साली रॅम्से यांना हेलियम पृथ्वीवर सापडले. १९०८ मध्ये कामरलिंग ओनेस यांनी ते द्रवरूप केले. २.१७ केल्विनखाली हा द्रव अतिसूक्ष्म फटींतून घर्षणावाचून वाहतो, हे १९३८ मध्ये कापित्सा तसेच ॲलन व मायझनर यांनी जाहीर केले.

याचे मर्म सममितीत आहे. दिंडीत टाळाचा पहिला ठोका कोणत्या क्षणी पडावा, असा नियम नाही. सर्व क्षण सारखेच. पण एकदा ठोका पडला की सारे वारकरी त्यास बांधले जातात. तद्वत निसर्गनियमांना तरंगाच्या सर्व कला समान असतात. अतिप्रवाही हेलियम मात्र त्यांतील एक स्वीकारते. नियमांची सममिती अबाधित राहते, द्रवाच्या अवस्थेत ती भंगते. म्हणूनच हा द्रव बादलीतील पाण्याप्रमाणे हवा तसा फिरू शकत नाही. त्यातील भोवऱ्यांचे अभिसरण ठरावीक मापाच्या पूर्ण पटींतच असते, हे ऑन्सागर व फाइनमन यांनी दाखविले.

हेलियमच्या या कथेत रघुनाथाचारींचे नाव क्वचितच आढळते. यशस्वी वेधांबरोबरच ढगांखाली सज्ज राहिलेल्यांचीही नोंद इतिहासाने ठेवावी. निदान हैदराबादेत लिहिल्या जाणाऱ्या इतिहासाने तरी.