आमिष आणि आभास

मराठी वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘मानसोल्लास’ हे नाव ठाऊक असते ते ओवीच्या निमित्ताने. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ओवीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून ती आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. ग्रंथाचे शंभर अध्याय पाच विंशतींत विभागलेले आहेत. ओवीची ही नोंद चौथ्या, म्हणजे विनोदांच्या विंशतीत येते. आणि त्याच विंशतीत ‘मत्स्यविनोद’ हे गळाने मासे धरण्याच्या विद्येवरील प्रकरणही आहे. ओवी अभ्यासक्रमात आली, गळ बाहेरच राहिला.

प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. २००५ मध्ये नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनी त्याचा पुन्हा परामर्श घेतला. समुद्रातील व गोड्या पाण्यातील मिळून पस्तीस प्रकारचे मासे, त्यांचे खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे वर्ग, आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून गळाकडे आणावे याचे नियम त्यात आहेत. सोमेश्वर राजा खरा. परंतु एवढे बारकावे सिंहासनावर बसून कळत नाहीत. पाण्यात पाय रोवून उभे राहणाऱ्या कोणा कैवर्ताचे ज्ञान या श्लोकांमागे असले पाहिजे, असे आम्हाला वाटते. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीतील शके १००८ चा लेख नागपूरच्या सीताबर्डीचा म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे आमचा वर्धा-नागपूरचा मुलूख या राजघराण्याला परका नव्हता.

मत्स्यविनोदातील सारी विद्या माशाच्या भुकेवर उभी आहे. ‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी मांस. मराठीत तो ‘प्रलोभन’ या अर्थाने रूढ झाला, तरी त्याला खाद्याचा वास आहेच. त्यामुळे लाकडाचा मासा कोरून, त्याला चमकी लावून पाण्यात सोडण्याच्या कलेसाठी मराठीत सुटसुटीत शब्द सापडत नाही. ‘कृत्रिम आमिष’ म्हणावे, तर खोटे मांस असा विचित्र अर्थ निघतो. येथे माशाच्या भुकेला दाखवायचे काहीच नसते. फसवायचा असतो तो त्याचा डोळा.

हा डोळा कशाला भुलतो? माशाची रुपेरी झाक ही कातडीतील आणि खवल्यांवरील ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या अतिशय पातळ स्फटिकांची किमया असते. मासा कुशीवर वळला की हे स्फटिक आरशाप्रमाणे प्रकाश फेकतात. कळपातला जखमी मासा वेडावाकडा पोहतो, अवेळी लकाकतो आणि शिकारी माशाच्या नजरेत भरतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका जपमाळा करणाऱ्या कारागिराने लहान माशांच्या खवल्यांतून ही रुपेरी भुकटी काढून काचेच्या मण्यांना मोत्यांचे रूप दिले. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या चकचकीत धातूच्या आमिषाचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ च्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथात महसीर माशासाठी अशा चमच्याची चर्चा केली. पुढे १९१० च्या दशकाच्या अखेरीस क्रीक चब या अमेरिकन कंपनीने लाकडी माशावर जाळीचे कापड ताणून वरून रंग फवारला आणि खवल्यांची नक्षी उमटवली. मासे धरण्याचे जाळे आता मासा रंगवू लागले!

या परंपरेतले आम्हाला सर्वांत जवळचे वाटणारे नाव फिनलंडचा कोळी लौरी रापाला याचे. पाय्यान्ने सरोवरावर मासेमारी करताना, कळपातून किंचित डुलत बाजूला पडलेल्या माशावरच मोठे मासे झडप घालतात, हे त्याने पाहिले. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडातून मासा कोरला. व्हार्निश परवडत नव्हते, म्हणून चॉकलेटवरची चंदेरी वर्खी गुंडाळली आणि छायाचित्रांच्या जुन्या फिल्म वितळवून वरून लेप दिला. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता, तर त्याच वर्षी न्यू जर्सीत हेन्री रशमन याने प्लॅस्टिकचे तुकडे यंत्राने बारीक कापून आजच्या चमकीचा पाया घातला, असे सांगितले जाते. सालांचा हा योगायोगच. त्याला अधिक अर्थ चिकटवू नये. तथापि हाताशी असलेल्या वस्तूतून गरजेपुरते घडवणे आणि यंत्राने अमाप चमक काढणे, हे दोन मार्ग एकाच काळात शेजारी उभे होते, हे विसरताही येत नाही.

आज हौशी कारागीर लाकडी माशाची पाठ गडद आणि पोट पांढरे ठेवतो. कुशीवर पारदर्शक लेप ओला असतानाच तो चमकी भुरभुरतो, वर इपॉक्सीचा थर देतो आणि तो ओघळू नये म्हणून सुकेपर्यंत मासा हळूहळू फिरवत ठेवतो. ही चमकी म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकचे बहुधा षटकोनी कण. थर फुटला की ते पाण्यात जातात आणि तेथेच राहतात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले, ते अशाच सूक्ष्म प्लॅस्टिकच्या धास्तीने. माशाच्या अंगावरची झाक माशाबरोबर मातीत जाते. तिची नक्कल मात्र जात नाही.

रापालाच्या यशाचे श्रेय वर्खीइतकेच त्याच्या पाहण्याला आहे. चमकी दुकानात मिळते. मासा कधी आणि का लकाकतो, हे पाण्याकाठी बसूनच कळते. वर्धा, धाम, बोर या नद्यांकाठच्या ढिवर-भोयांपाशी हे पाहणे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मरळ कोणत्या पाण्यात दडते, गढूळ पुरात काय करावे, यासाठी त्यांच्याजवळ शब्द आहेत. नद्यांवर धरणे झाली, पाणी बदलले. शब्दही फार काळ थांबणार नाहीत. पवनारच्या धामकाठी सहल नेणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांनी उत्खननाबरोबर तेथल्या जाळ्याची आणि गळाची भाषाही विद्यार्थ्यांकडून टिपून घ्यावी. सोमेश्वराने कांडणाऱ्या बाईची ओवी आणि कैवर्ताचा गळ एकाच विंशतीत ठेवले होते. आम्ही त्यांतले एकच उचलले. दुसरे उचलायला अजून अवकाश आहे.