उसनं घर आणि काचेची पेटी

यंदाच्या उन्हाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला होते, तेव्हा माझ्यावर एक वेगळीच कामगिरी आली. जुनी काचेची टाकी शोधायची, पारखायची आणि घरी आणायची. माशांसाठी नव्हे हो, खेकड्यासाठी!

तर झालं असं. तिकडे समुद्रकाठाला लाकडी फळ्यांचे लांबच लांब रस्ते असतात, बोर्डवॉक म्हणतात त्यांना. तिथल्या दुकानांत हर्मिट क्रॅब विकायला ठेवलेले असतात, म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे. कोकणात किनाऱ्यावर एखादा शंख अचानक तुरुतुरु पळायला लागतो ना, त्याचेच हे चुलतभाऊ. नातीने रंगवलेल्या शंखांतले दोन घेतले. सोबत तारेचा पिंजरा मिळाला. महिन्याभरात एक गेला.

"आजी, मी त्याला रोज खायला देत होते गं," ती रडत म्हणाली. खरंच देत होती. चूक पिंजऱ्याची होती. हा प्राणी जमिनीवर राहतो, पण श्वास घेतो तो कल्ल्यांनीच, आणि ते ओलसर राहिले तरच. हवेत सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा हवा. एसी लावलेल्या घरात, तारेच्या पिंजऱ्यात, तो दिवसेंदिवस गुदमरत जातो आणि आपल्याला वाटतं, सुस्तावलाय.

उरलेल्याला काच हवी होती. आणि काचेच्या टाकीबद्दल वाचायला बसले ती मी थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचले. (लेक म्हणते, आईला टाकी आणायला सांगितलं की आई ग्रंथालय आणते.)

झान विलप्रो-पॉवर ही 1794 साली जन्मलेली फ्रेंच बाई. पॅरिसमध्ये शिवणकाम करायची. लग्नानंतर सिसिलीतल्या मेसिनाला गेली आणि तिथल्या समुद्राच्या नादाला लागली. तिथे अर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसच्या कुळातला प्राणी मिळतो. त्याच्या मादीला कागदासारखं पातळ, पांढरं कवच असतं. ते तिचं स्वतःचं, की हर्मिट क्रॅबसारखं कुणाचं तरी ढापलेलं? विद्वानांचा वाद चालला होता आणि बऱ्याच जणांचं मत 'ढापलेलं' असंच होतं. मेलेले नमुने बघून याचं उत्तर मिळणार नव्हतं, जिवंत प्राणी दिवसरात्र डोळ्यांसमोर हवा होता. म्हणून 1832 मध्ये बाईंनी काचेच्या टाक्या करवून घेतल्या. कवचाला मुद्दाम तडा दिला आणि अर्गोनॉट तो स्वतः सांधतोय हे पाहिलं. पिल्लं स्वतःचं कवच बनवतात हेही पाहिलं. म्हणजे घर स्वतःचंच!

मला गंमत वाटली. 'हा हर्मिट क्रॅबसारखा चोर आहे का' या प्रश्नापायी जी टाकी जन्माला आली, तीच आता मी खुद्द त्या चोरासाठी शोधत होते.

पण खरं सांगायचं तर आमच्या खेकड्याला हवी ती टाकी दुसऱ्याच माणसाची. नाथॅनियल वॉर्ड हे लंडनच्या धुरकट ईस्ट एंडमधले डॉक्टर. बागेत नेचे लावायचे आणि ते धुराने मरायचे. 1829 मध्ये त्यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीवर ठेवून बाटली बंद केली. पतंगाचं राहू दे, पण मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलं! दिवसा आतली वाफ काचेवर जमायची आणि पुन्हा मातीत उतरायची. 1833 मध्ये त्यांनी अशा दोन बंद पेट्या जहाजाने सिडनीला पाठवल्या आणि काही महिन्यांनी झाडं जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या उतारावरच्या मळ्यांत आणली तीही वॉर्डच्याच पेट्यांतून. पाणी भरायचं नाही, ओल कोंडायची. खेकड्याला नेमकं हेच हवं.

इंग्लंडमध्ये तेव्हा काचेवर वजनाप्रमाणे कर होता, 1746 पासूनचा. तो 1845 मध्ये उठला, काच स्वस्त झाली आणि टाक्या दिवाणखान्यांत शिरल्या. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यघर उघडलं. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं टाकीवरचं पुस्तक आलं आणि लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर धावले. इतके की खडकांमधली डबकी ओरबाडली गेली. ती हळहळ त्यांच्या मुलाने, एडमंडने, 1907 च्या आठवणींत नोंदवली आहे. हे वाचून मी थांबले. बोर्डवॉकवरचे खेकडेही जवळजवळ सगळे किनाऱ्यांवरून पकडून आणलेले असतात. त्यांची पिल्लं समुद्राच्या पाण्यात वाढतात, त्यामुळे घरी पैदास करणं फार अवघड. नातीने दोन घेतले, म्हणजे कुठल्यातरी किनाऱ्यावरचे दोन कमी झाले. तिला हे सांगितलं नाही अजून.

असो. टाकी पारखायचं शिक्षण मला बाबांकडून मिळालेलं. त्यांनी क्रॉफर्ड मार्केटमधून लोखंडी चौकटीची, पुट्टी लावलेली टाकी आणली होती. उन्हाळ्यात गावी जाताना रिकामी ठेवली, पुट्टी सुकून तडकली आणि परत आल्यावर भरली तर घरभर पाणी. साठच्या दशकापासून सिलिकॉन आलं, चौकट गेली, पण तपासणी तीच.

एका घराच्या अंगणातल्या विक्रीत आठ डॉलरला तीस इंच लांब, बारा इंच रुंद टाकी दिसली. सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबले. डुगडुगली नाही. कडांवरून नख फिरवलं. एका कोपऱ्यात टवका होता, पण वरच्या बाजूला, तो चालतो. तळ मात्र उन्हात धरून नीट पाहिला. खेकड्याला कात टाकायला सहा इंच ओली वाळू लागते, म्हणजे एवढ्या तळावर पन्नास किलोंहून जास्त ओझं. तळाला केसाएवढी भेगही नको. मग विचारलं, "आत कोण राहायचं?" माशांच्या काही औषधांत तांबं असतं आणि ते खेकड्यांना विष. घरमालकीण हसली, "मुलाचा हॅमस्टर." झाकण जाळीचं होतं. ते बाजूला ठेवलं आणि काच कापून आणली, नाहीतर सगळी ओल उडून जायची.

व्हिनेगर आणि गरम पाण्याने धुतली, साबण नाही. वाळू भरली, तीन वेगवेगळे रिकामे शंख ठेवले. खेकडा कोपऱ्यात दबकून बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूत गडप झाला.

कात टाकायला आठवडे लागतात आणि तेव्हा उकरलं तर तो मरू शकतो. मी निघाले तोवर तो वर आला नव्हता. नातीने काचेवर कागद चिकटवलाय, मराठीत, माझ्याकडून अक्षरं विचारून विचारून: "उकरू नका. आत कोणीतरी आहे."