आदिवासी मातांसाठी सरकारी योजना: काय मिळते, कुठे अडते

इंदापूर-बारामती भागात, वरकुट्यासारख्या गावांच्या शिवारात, आदिवासी माता दोन प्रकारे भेटतात. काही इथेच राहणाऱ्या पारधी कुटुंबांतल्या असतात. काही ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येतात. या टोळ्यांत खानदेशातील भिल्ल व पावरा कुटुंबेही असतात. दोघींसाठीही योजना आहेत, पण त्या अर्धवट पोहोचतात. म्हणून कोणत्या मदतीला कागद लागतात आणि कोणत्या मदतीला लागत नाहीत, हे आधी समजून घ्या.

कागदांवाचून न अडणारी मदत

2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत असते. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही मोफत उपचार मिळतात. जातीचा दाखला किंवा बँक खाते नाही, म्हणून हे उपचार नाकारता येत नाहीत. तेव्हा कागद नाहीत म्हणून कोपीवर बाळंतपण करू नका.

अंगणवाडीतून गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने पोषण आहार मिळतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क आहे.

कागद लागणारी मदत

- जननी सुरक्षा योजना: महाराष्ट्रात ग्रामीण भागातील मातेला दवाखान्यातील बाळंतपणासाठी 700 रुपये मिळतात. अनुसूचित जमातीच्या मातेला वयाची किंवा अपत्यसंख्येची अट 2013 पासून नाही.
- प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत 5,000 रुपये; दुसरे बाळ मुलगी असल्यास 6,000 रुपये. आधार आणि त्याला जोडलेले खाते लागते. जातीचा दाखला नसेल तर अन्नसुरक्षेचे रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड किंवा ई-श्रम कार्डावरही अर्ज करता येतो. तिसऱ्या बाळाला ही मदत नाही.

मातृवंदनेचे पैसे बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून आहेत. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई थांबली की खाडा पडतो आणि मुकादमाची उचल फिटत नाही. हप्ता खात्यात येईपर्यंत ती फडात मोळ्या उचलत असते. त्यामुळे नोंदणी जितकी लवकर होईल तितके चांगले.

भागावर ठरणारी मदत

अमृत आहार योजनेत शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने रोज एक गरम पूर्ण जेवण मिळते. पण ही योजना अनुसूचित क्षेत्रापुरती आहे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील काही गावे त्यात येतात; इंदापूर येत नाही. म्हणजे नंदुरबारची माता इथे आली की तिचे हे जेवण सुटते. तिने इथल्या अंगणवाडीत नाव घालून नेहमीचा आहार तरी घ्यावा.

रक्तपांढरी

गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले तर रक्तपांढरी समजतात. 7 च्या खाली असेल तर दवाखान्यातच उपचार लागतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहगोळी, किमान 180 दिवस घ्या. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नका.

भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आजार आढळतो. त्यातली रक्तपांढरी नुसत्या लोहगोळ्यांनी भरून येत नाही. म्हणून ही रक्ततपासणी एकदा करून घ्या. आजार असेल तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करावे.

स्थलांतर करताना

- माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात नव्हे, हाताशी ठेवा. त्यावरून पुढची तपासणी आणि बाळाचे लसीकरण कुठेही चालू राहते.
- पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात गावच्या आशाताईंना भेटा.
- दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

ताबडतोब 108 ला फोन करा

रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, खूप ताप, बसल्या जागी धाप, पाणमोट फुटणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाल्यास वाट पाहू नका. मुकादम किंवा शेतमालक यांनीही अशा वेळी गाडीची सोय करावी. कागद नंतर गोळा करता येतात.