नकाशातले गाव : रत्नागिरीकरांच्या दुरून परतण्याचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा सामाजिक इतिहास हा बऱ्याच अंशी घर सोडून गेलेल्या माणसांचा इतिहास आहे. साहजिकच, प्रत्यक्ष जाणे शक्य नसताना आपल्या ठिकाणांशी संबंध टिकवण्यासाठी या माणसांनी वेळोवेळी जी साधने हाताशी धरली, त्यांचाही तो इतिहास ठरतो. संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर उभ्या राहणाऱ्या आणि आपण स्वतः हिंडतो आहोत असा अनुभव देणाऱ्या प्रदेशाला आज आभासी जग म्हटले जाते. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात कल्पनेने रचलेला प्रदेश असतो, ज्याचे ठळक उदाहरण म्हणजे २००३ साली सुरू झालेले ‘सेकंड लाइफ’. दुसऱ्या प्रकारात खऱ्या पृथ्वीचीच प्रतिकृती असते, आणि २००५ साली आलेले ‘गूगल अर्थ’ हे तिचे सर्वांत परिचित रूप आहे. परगावी राहणाऱ्या रत्नागिरीकराला जिव्हाळा वाटतो तो या दुसऱ्या प्रकाराचा, कारण तिथे त्याला स्वतःचे घर शोधता येते. मात्र या प्रतिकृतीत गावाचे किती दिसते हे जितके उपग्रहावर अवलंबून आहे, तितकेच ते गाव जाणणाऱ्या माणसांनी तिच्यात काय नोंदवले यावरही अवलंबून आहे, आणि ही गोष्ट जुन्या साधनांकडे पाहिल्याशिवाय नीट ध्यानात येत नाही.

मुंबईत १८५०च्या दशकात कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि कातळाच्या, डोंगरउताराच्या, तुटपुंज्या भातशेतीच्या या जिल्ह्यातून माणसांचा ओघ तिकडे सुरू झाला. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. १ मे १९८१ रोजी वेगळा झालेला सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच मोडत असे. गिरण्यांतील कामगारांमध्ये या जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. नोकरीसाठी मुंबईत राहणारा आणि शिमग्याला व गणपतीला गावी येणारा तो चाकरमानी, ही ओळख याच काळात घडली. मात्र हे येणे सोपे नव्हते. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत जाणारी आगबोट हाच दीर्घकाळ मुख्य मार्ग होता. आगबोट बऱ्याच ठिकाणी धक्क्याला लागत नसे, उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणावे लागे, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की वाहतूक बंद राही. वर्षातले कित्येक महिने चाकरमान्याला गाव केवळ आठवणीत आणि कागदावर भेटत असे.

त्या कागदांपैकी सर्वांत नियमित कागद मनीऑर्डरचा होता. टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डरची सोय सुरू केली आणि जिल्ह्याचा संसार तिच्यावर चालतो असे पुढे सर्रास म्हटले जाऊ लागले. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी लहानशी जागा असे. पैसे किती हे वर छापील रकान्यात येई. कौले शाकारून घ्यावीत, फणसाचा व्यवहार ठरवावा, गाय व्याली का ते कळवावे, अशा प्रकारचा मजकूर त्या चार बोटांच्या जागेत बसवला जाई. गावाहून उलट येणाऱ्या पत्रात पाऊस, पेरणी, बावीचे, म्हणजे विहिरीचे, पाणी आणि कुणाकुणाची खुशाली असे. मुंबईत एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली गावकीची खोली आणि तिथे भरणारी ग्रामस्थ मंडळाची बैठक ही या पत्रव्यवहाराची पुढची पायरी होती, कारण एकाला आलेली बातमी तिथे सगळ्यांची होत असे आणि गावातल्या एखाद्या पाखाडीचे, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेचे, दुरुस्तीचे काम शेकडो मैलांवरून ठरत असे. दुरून गाव पाहण्याची ही रीत अपुरी असली तरी तिचा एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे: तिच्यात गावाचे वर्णन गावातलीच माणसे करत होती.

परतीचा मार्गच बंद झाला तर काय होते, याचे उदाहरणही रत्नागिरीनेच पाहिले. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला १८८५च्या नोव्हेंबरात मंडालेत पदच्युत करून इंग्रजांनी आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले. भाट्याच्या खाडीकडे पाहणारा, उतरत्या छपरांचा जो राजवाडा आज थिबा पॅलेस म्हणून ओळखला जातो, तो १९१० साली बांधून झाला आणि राजाला तिथे जेमतेम सहा वर्षे लाभली. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे निधन झाले आणि त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. ज्या मंडालेच्या राजवाड्यातून तो निघाला, तो दुसऱ्या महायुद्धात १९४५ साली जळाला आणि आज दिसतो तो नंतर पुन्हा उभारलेला आहे. आवडते ठिकाण माणसाची वाट पाहत जागच्या जागी थांबत नाही, ते स्वतःही बदलते किंवा नाहीसे होते, ही जाणीव या इतिहासात पुढे पुन्हा पुन्हा येते.

दूर गेलेल्या माणसाचे गावाशी नाते टिकवण्याचे काम साहित्यानेही केले. दापोलीजवळच्या मुर्डी गावी १९१३ साली जन्मलेले श्री. ना. पेंडसे यांनी मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत असताना ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी लिहिली, जी १९५२ साली प्रसिद्ध झाली. कादंबरीतले गारंबी हे गाव वाचकाच्या मनात इतके पक्के उभे राहिले की तिथले व्हाळ, म्हणजे ओढे, आणि आगर, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा, अनेकांना आपल्या गावाइतके ओळखीचे झाले. पडद्यावरच्या आभासी प्रदेशाच्या कितीतरी आधी शब्दांनी रचलेला असा प्रदेश मराठी वाचकाने वारंवार जाऊन पाहिला होता.

नकाशा मात्र सामान्य माणसाच्या हाती फार उशिरा आला. भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे देशाची अधिकृत मोजणी करून नकाशे काढणारे खाते, १७६७ सालापासूनचे आहे. तरीही स्वातंत्र्योत्तर काळात सीमा आणि किनारा यांलगतच्या रुंद पट्ट्याचे तपशीलवार नकाशे सुरक्षेच्या कारणास्तव सर्वांसाठी खुले नव्हते, आणि रत्नागिरी त्या पट्ट्यात येते. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी व संरक्षण दलांसाठी नकाशांच्या दोन वेगळ्या मालिका ठरवल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गूगल अर्थ आले आणि जे कागदावर मागून मिळत नव्हते ते पडद्यावर फुकट दिसू लागले. त्यामुळे उद्भवणाऱ्या सुरक्षेच्या प्रश्नाकडे तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००५च्या ऑक्टोबरमध्येच लक्ष वेधले होते. पुढे १२ ऑगस्ट २००९ रोजी इस्रोने ‘भुवन’ हे भारतीय उपग्रहांच्या चित्रांवर आधारलेले संकेतस्थळ सुरू केले, आणि १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे तयार करण्यावरील बहुतेक पूर्वपरवानग्या रद्द केल्या.

गूगल अर्थची घडण थोडक्यात अशी की उपग्रहांनी व विमानांनी टिपलेली असंख्य चित्रे एकमेकांना जोडून, जमिनीच्या उंचसखलपणाच्या मोजमापांवर पांघरली जातात, आणि पाहणाऱ्याला कोणत्याही उंचीवरून व कोनातून त्यावर फिरता येते. सुरुवातीला मोठ्या शहरांबाहेरच्या बऱ्याच भागांच्या चित्रांत एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे १५ मीटर लांबीरुंदीचा असे, म्हणजे कोकणातले एखादे घर त्यात एका ठिपक्याएवढेही उमटत नसे. चित्रे सुधारत गेली तसे रत्नागिरी शहर आपल्या खुणांनिशी दिसू लागले: भाट्याला समुद्राला मिळणारी काजळी नदी, मांडवीचा धक्का, एका बाजूचा काळा आणि दुसऱ्या बाजूचा पांढरा समुद्र, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला रत्नदुर्ग, त्याच्या टोकाचे १८६७ साली बांधलेले दीपगृह आणि मिरकरवाड्याला नांगरलेल्या होड्यांची दाटी. परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला खाडीपासून किल्ल्यापर्यंतची फेरी घरबसल्या करता येऊ लागली.

या फेरीत काय दिसत नाही, हेही तितक्याच बारकाईने पाहायला हवे. ज्या उपग्रहांची चित्रे इथे वापरली जातात ते सूर्यप्रकाशात फोटो टिपणारे असतात आणि ढगांच्या आरपार पाहू शकत नाहीत. त्यामुळे कोकणाची वापरण्याजोगी चित्रे प्रामुख्याने पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांतली असतात. परिणामी आभासी रत्नागिरीचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या कातळाचे पठार, बहुतेक वेळा तांबूस-करडा आणि उन्हाने रापलेलाच दिसतो. आषाढ-श्रावणात त्यावर साचणारे पाणी, फुटणारे गवत आणि त्यात उमलणारी बारीक फुले, म्हणजे गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या मनातले नेमके कोकण, तिथे जवळजवळ नसते. दुसरी अडचण झाडांची आहे. इथले घर आंबा, फणस, माड आणि पोफळी यांच्या छायेत बांधलेले असल्यामुळे वरून कौलांचा एखादा कोपरा तेवढा दिसतो. अंगणातले खळे, पडवी, तुळशीवृंदावन, बावीकडे उतरणारी पाखाडी आणि पऱ्यावरचा, म्हणजे लहान ओढ्यावरचा, साकव हे सगळे पानांखाली लपलेले राहते. आकाशातून पाहणारे यंत्र कातळ चांगला जाणते, वस्ती मात्र त्याला अर्धवटच कळते.

ही उणीव माणसांनी भरून काढली. कोकणातले गाव अनेक वाड्यांत विखुरलेले असते आणि माणसाचा खरा पत्ता त्या वाडीत असतो. तरीही वाडी, व्हाळ, देवराई किंवा एखाद्या जुन्या वडाचे ठिकाण यांची नावे अधिकृत नकाशांत पुरेशी येत नसत. २००६ साली सुरू झालेल्या ‘विकिमॅपिया’वर कोणालाही नकाशावर चौकोन आखून नाव देता येई, २००४पासूनचा ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा प्रकल्प स्वयंसेवकांनीच घडवलेला आहे, आणि २००८ साली गूगलने ‘मॅप मेकर’ ही तशीच सोय दिली. गूगलने २०१३ साली भारतात घेतलेल्या नकाशा-स्पर्धेला सर्वेक्षण विभागाने आक्षेप घेऊन पोलिसांकडे तक्रार केली, यावरून सामान्य माणसाने नकाशा भरण्याचा प्रश्न किती नाजूक होता ते दिसते. रस्त्यावरून चालल्याचा अनुभव देणारी ‘स्ट्रीट व्ह्यू’ ही सोय २०११ साली बंगळूरूत सुरू होताच थांबवली गेली आणि २०२२च्या जुलैमध्ये परत आली, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती, रत्नागिरी नव्हती. अशा ठिकाणी हौशी माणसांनी स्वतः काढून चढवलेल्या सर्व बाजूंच्या फोटोंवरच भिस्त ठेवावी लागे.

मात्र लोकांनी जमवलेल्या नावांचे आणि फोटोंचे हे भांडार परक्याच्या कोठारात ठेवलेले आहे. नकाशावरच्या नेमक्या जागी फोटो लावण्याची सोय देणारे ‘पॅनोरामिओ’ २०१६ साली बंद झाले, ‘मॅप मेकर’ २०१७ साली बंद झाला, आणि २००४ साली सुरू झालेले ‘ऑर्कुट’, ज्यावर गावोगावच्या मंडळींनी एकमेकांना शोधून काढले होते, ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. मनीऑर्डरच्या तळाचा मजकूर ट्रंकेत जपून ठेवता येत असे. इथे सेवा बंद झाली की लोकांनी हौसेने लिहिलेली माहितीही बहुधा तिच्याबरोबर जाते.

याच्या उलट, या आभासी जगाने एक अशी गोष्ट दिली जी पत्राला किंवा कादंबरीला देता आली नव्हती: जुने दृश्य नव्याशेजारी ठेवून पाहण्याची सोय. गूगल अर्थमध्ये २००९पासून मागील वर्षांची चित्रे तारखेनिशी पाहता येतात. ज्याने मुंबई–गोवा महामार्ग चौपदरी होण्यापूर्वीची वडाची सावली अनुभवली, त्याला ती झाडी जुन्या चित्रात सापडते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड आणि दापोली तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. त्या बागांची वादळापूर्वीची दाटी त्या चित्रांत अजून मोजता येते. त्याच वर्षी कोविडच्या साथीमुळे विलगीकरणाच्या अटी असल्याने अनेकांना गणपतीला गावी जाता आले नाही आणि घरच्या मखराचे दर्शन फोनच्या पडद्यावर घ्यावे लागले. दुरून परतण्याची जुनी रीत एका वर्षात सगळ्यांच्या वाट्याला आली.

या सर्व प्रवाहाचे सर्वांत बोलके उदाहरण कातळशिल्पांचे आहे. सड्यावरच्या कातळात कोरलेल्या या प्रागैतिहासिक आकृतींचा मोठा शोध सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला तो गावोगाव पायी हिंडून आणि गुराखी व वृद्ध यांना विचारून. कशेळीच्या सड्यावरची हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आहे. तिच्या काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला ती एका नजरेत मावत नाही, उंचावरून काढलेल्या फोटोत मात्र सोंडेपासून शेपटीपर्यंत उलगडते. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरीतली ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या प्राथमिक यादीत गेली. इथे क्रम स्पष्ट दिसतो: आधी ठाऊक असलेल्या माणसाने बोट दाखवले, मग यंत्राने ते टिपले आणि जगाला पाहता आले. पहिली पायरी गाळली असती तर उरलेल्या दोन्हींना अर्थ राहिला नसता.

तेव्हा पडद्यावरचे रत्नागिरी समृद्ध करायचे असेल तर गावातल्या जाणत्यांकडून वाडीवाडीची, पऱ्यांची, पाखाड्यांची आणि सड्यांची नावे आजच लिहून घ्यायला हवीत, पावसाळ्यातल्या गावाचे फोटो तारखेसह जमवायला हवेत, आणि या नोंदींची एक प्रत परदेशी कंपनीच्या सेवेबाहेर, आपल्याच संस्थांत ठेवायला हवी. १८२८पासून चालत आलेले रत्नागिरीचे नगर वाचनालय, इथली महाविद्यालये आणि प्रत्येक ग्रामपंचायत यांना हे काम सहज पेलण्याजोगे आहे. ज्या पिढीने आगबोटीतून उतरून पाखाडी चढली ती आता थकली आहे, आणि तिच्याजवळची माहिती कोणत्याही उपग्रहाला टिपता येणार नाही. ती नोंदवली गेली तर पुढच्या चाकरमान्याला दूरदेशी बसूनही आपल्या गावात नाव घेऊन, वाट ओळखून फिरता येईल. नोंदवली गेली नाही तर त्याला उत्तम दर्जाचे, पण अनोळखी छायाचित्र तेवढे मिळेल.