एक दाणी, दोन आडनावं

आजच्या भागात आडनावांची गोष्ट, आणि तीही आपल्या नाशिकमधली.

आडनावाच्या शेवटी 'कर' दिसला की आपण लगेच ठरवून टाकतो, हे अमुक गावचे. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. कुसुमाग्रजांचं शिरवाडकर घराणं शिरवाड्याचं. पण जरा निफाड तालुक्यातल्या विंचूरला चला. तिथले सरदार विंचूरकर मुळात विंचूरचे नव्हतेच! मूळ गाव सासवड, मूळ आडनाव दाणी. विठ्ठल शिवदेव दाणी पेशवाईत तलवारीच्या जोरावर पुढे आले, त्यांना विंचूरची जहागीर मिळाली आणि घराणं झालं विंचूरकर. म्हणजे इथला 'कर' कुठून आलो ते सांगत नाही, काय मिळवलं ते सांगतो.

आता पंचवटीत या. गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं. त्याची ती प्रसिद्ध घंटा तुम्ही पाहिलीच असेल. हे नारो शंकर कोण? तेही दाणीच, तेही सासवडकडचे. मालेगावचा भुईकोट त्यांनी बांधला, झाशीची सुभेदारी केली. पुढे 'राजेबहाद्दर' हा किताब मिळाला आणि तेच घराण्याचं आडनाव झालं. १७६१ च्या पानिपताच्या वेळी विठ्ठल शिवदेव रणांगणावर होते आणि नारो शंकर दिल्लीच्या बंदोबस्ताला. दोघेही दाणी, पण एकाचं आडनाव गावावरून पडलं, दुसऱ्याचं किताबावरून.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही बरं का. जर्मनीतही म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार. आणि बायर म्हणजे बव्हेरियाचा माणूस. गंमत बघा, बव्हेरियात राहणाऱ्याला बायर म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच बायर! गाव सोडून परमुलखात गेलं, की मगच हे नाव चिकटतं. आपला 'कर' सहसा असाच लागतो. विंचूरकर सरदारांचं मात्र उलटं झालं.

मग हे सगळं कशासाठी सांगतोय? हल्ली पुष्कळ जण वंशावळ शोधतात आणि सुरुवात आडनावापासून करतात. तिथेच वाट चुकते. विंचूर सोडून गेलेलं कुठलंही घर विंचूरकर होऊ शकतं, त्याचा सरदारांशी काडीचाही संबंध नसेल. उलट एका मुळाची माणसं दोन आडनावं लावून एकमेकांना परकी होऊन बसतात. इंग्रजी अमदानीत शाळेच्या दाखल्यावर आणि कचेरीच्या कागदावर जे आडनाव चढलं, ते पक्कं झालं. त्याआधीचं मागे पडलं.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आडनावाच्या पुढचं विचारा. कुलदैवत कुठलं? देवक, गोत्र काय? आपल्याला आधी काय म्हणायचे? आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे वही उघडायला बसलात, तर आजच्या आडनावाबरोबर जुनं आडनाव आणि मूळ गावही सांगा. नाहीतर पान समोर असूनही सापडायचं नाही.

तुमच्या घराण्याचं आधीचं आडनाव काय होतं? विचारून बघा, आणि आम्हालाही कळवा.