तळटीप : पोर्ट वाइनच्या बाटलीवरील हमीची पट्टी

१७. हमीची पट्टी : पोर्ट वाइनच्या बाटलीच्या गळ्याशी लावलेली ही क्रमांकित पट्टी पोर्तुगालमधील दोरू व पोर्तो वाइन संस्था देते. तिची पूर्वसूरी संस्था १९३३ची. नियमनाची परंपरा मात्र १७५६पर्यंत मागे जाते. भेसळीच्या बोभाट्याने इंग्लंडमधली मागणी घसरली, तेव्हा पुढे पोंबालचे मार्क्विस झालेल्या मंत्र्याने दोरू खोऱ्यातील द्राक्षमळ्यांची हद्द आखली, ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि देखरेख एका कंपनीकडे सोपवली. वाइनला गडद रंग यावा म्हणून एल्डरची फळे मिसळत. ती झाडेही उपटायला लावली. आज माती, उतार, उंची, वेलींचे वय अशा निकषांवर मळ्याची प्रत ठरते. द्राक्षांपासूनच गाळलेले मद्यार्क मिसळून किती रसाची पोर्ट करायची, याची दरवर्षीची मर्यादा या प्रतीनुसार वाटली जाते.

शौकिनांनी एक भेद जरूर ध्यानात घ्यावा. ‘व्हिंटेज’ एकाच वर्षाच्या द्राक्षांची असते; उत्पादकाने वर्ष जाहीर केले, तरी संस्थेच्या परीक्षकांची मंजुरी लागतेच. टॉनी पोर्टवरील ‘२० वर्षे’ हा आकडा मात्र अनेक वर्षांच्या वाइनच्या मिश्रणाला लागतो आणि त्या वयाची चव उतरली आहे की नाही, हे परीक्षक चाखून ठरवतात. गोव्यात ‘पोर्ट वाइन’ म्हणून खपणारी स्थानिक गोड वाइन या व्यवस्थेबाहेरची. येथील वर्णन तिला लावू नये. — संपा.