‘अजाणता’ पूर्वग्रह आणि पोलीसशिक्षण : एका संज्ञेचा इतिहास

प्रशासनाच्या व्यवहारात एखादी नवी संज्ञा रूढ होते, तेव्हा पुष्कळदा तिच्याबरोबर दोषाची जागाही बदलते. इंग्रजीतील ‘इम्प्लिसिट बायस’ ही अशीच एक संज्ञा होय. जे पूर्वग्रह मनुष्याला स्वतःला जाणवत नाहीत, परंतु त्याच्या निर्णयांत उतरतात, त्यांना ही संज्ञा लावली जाते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील पोलीस, सरकारी वकील आणि इतर लोकसेवक यांना अशा पूर्वग्रहांची जाणीव करून देणारे वर्ग मोठ्या प्रमाणावर भरविण्यात आले. त्यांच्या उपयुक्ततेविषयी वादही पुष्कळ झाला. पूर्वग्रह ‘अजाणता’ असू शकतो ही कल्पना लोकप्रशासनात कोणत्या वाटेने आली आणि त्या वाटेवर तिचा अर्थ कसा पालटला, हे पाहिल्यावाचून त्या वादाचा उलगडा होत नाही. प्रस्तुत निबंधात तेच पाहावयाचे आहे.

१

पोलिसांना पूर्वग्रहाविषयी शिक्षण द्यावे, हा विचार मुळात नवा नाही. जून १९४३ मध्ये डिट्रॉइट शहरात झालेल्या वांशिक दंगलीत ३४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी २५ कृष्णवर्णीय होती, आणि या पंचवीसांपैकी १७ जण पोलिसांच्या हातून मारले गेले होते. दंगल शमविणारी यंत्रणाच दंगलीतील एक पक्ष ठरते, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली. पुढे १९४७ मध्ये समाजशास्त्रज्ञ जोसेफ लोहमन यांचे पोलीस व अल्पसंख्य समाज या विषयावरील पुस्तक शिकागो पार्क डिस्ट्रिक्टने पोलिसांच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध केले. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचा पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९५४ चा. सदोष सामान्यीकरणावर आधारलेला वैरभाव, असे पूर्वग्रहाचे लक्षण ऑलपोर्ट यांनी मुख्यतः मानले. या काळातील पूर्वग्रह म्हणजे धारकाला ठाऊक असलेली आणि विचारल्यास बहुधा त्याच्या तोंडून बाहेर पडणारी वस्तू होती. खरी माहिती दिली आणि परस्परांचा परिचय घडविला की ती ओसरेल, अशी अपेक्षा होती.

२

‘अजाणता’ हे विशेषण प्रशासनाच्या भाषेत ठळकपणे आले ते इंग्लंडमध्ये, आणि तेही चौकशी-अहवालाच्या द्वारे. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगे झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या लॉर्ड स्कारमन यांनी त्याच वर्षी आपला अहवाल सादर केला. ब्रिटनमधील संस्था जाणूनबुजून आणि धोरण म्हणून वंशभेद करतात, हा आरोप त्यांनी अमान्य केला. मात्र संस्थांच्या काही रूढ पद्धती अजाणता भेदभाव करणाऱ्या असू शकतात, हे म्हणणे गंभीरपणे विचारात घेण्यासारखे आहे, असे त्यांनी नमूद केले.

या विशेषणास अधिकृत व्याख्येत स्थान मिळाले ते १९९९ मध्ये. २२ एप्रिल १९९३ रोजी आग्नेय लंडनमधील एल्थम येथे बसथांब्यापाशी स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने खून केला. त्याच्याबरोबर त्याचा मित्र होता. हल्ल्यातून वाचलेला आणि भेदरलेला तो तरुण घटनास्थळी आलेल्या पोलिसांना पीडित न वाटता आक्रस्ताळा व असहकारी वाटला. सर विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशी समितीने या वागणुकीची विशेष दखल घेतली. फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समितीच्या अहवालात ७० शिफारशी होत्या आणि संस्थात्मक वंशभेदाची एक व्याख्या होती. लोकांना त्यांच्या वर्णामुळे वा वंशामुळे योग्य सेवा देण्यात एखाद्या संस्थेला सामूहिकरीत्या येणारे अपयश, असा तिचा गाभा होता. ते अपयश अजाणता पूर्वग्रह, अज्ञान, अविचार आणि साचेबंद कल्पना यांतून उद्भवते, असे तीत म्हटले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्कारमन काय आणि मॅकफर्सन काय, दोघांच्याही वाक्यरचनेत मुख्य कर्ता संस्था हा आहे. हेतू नसतानाही अपयश घडू शकते, एवढेच ‘अजाणता’ हे विशेषण सांगते. अपयशाची जबाबदारी संस्थेकडेच राहते.

३

याच सुमारास अमेरिकेतील मानसशास्त्रात एक स्वतंत्र प्रवाह वाहत होता. १९८० नंतरच्या दशकात स्मृतीच्या अभ्यासात ‘इम्प्लिसिट’ हे विशेषण रूढ झाले. जी स्मृती जाणीवपूर्वक आठविता येत नाही, परंतु जिचा परिणाम वर्तनावर दिसतो, ती अशी स्मृती. १९९५ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि सिकंदराबाद येथे जन्मलेल्या महजारिन बानाजी यांनी हेच विशेषण सामाजिक मनोवृत्तींना लावले. १९९८ मध्ये ग्रीनवाल्ड यांनी दोन सहकाऱ्यांसह एक कसोटी प्रसिद्ध केली. शब्द व चित्रे यांची जोडी लावण्यास लागणाऱ्या वेळातील सेकंदाच्या अंशाइतक्या फरकावरून मनातील साहचर्य मोजणे, हे तिचे तत्त्व होते.

लंडनच्या अहवालातील ‘अजाणता’ आणि प्रयोगशाळेतील ‘इम्प्लिसिट’ हे दोन शब्द अर्थाने जवळचे भासतात. परंतु त्यांचे विशेष्य भिन्न आहे. पहिला शब्द संस्थेच्या व्यवहाराला लागतो, तर दुसरा एकेका व्यक्तीच्या मनाला. हा भेद पुढील घटनांत निर्णायक ठरला.

४

९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसूरी राज्यातील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला. त्यानंतर उसळलेल्या असंतोषात राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी पोलीससुधारणेसाठी एक कृतिदल नेमले. पोलिसांच्या प्राथमिक व सेवांतर्गत शिक्षणात सुप्त पूर्वग्रहाचा विषय असावा, अशी शिफारस कृतिदलाने २०१५ मध्ये केली. जून २०१६ मध्ये संघराज्याच्या न्यायखात्याने आपले पोलीस अधिकारी आणि वकील यांच्यासाठी असे शिक्षण जाहीर केले. २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या पोलीसदलाने सुमारे ४५ लाख डॉलरचा करार करून एक दिवसाचा वर्ग सुरू केला.

हे शिक्षण पोलिसांना तुलनेने सहज स्वीकारता आले, यामागे भाषेचाही भाग होता. ‘वंशद्वेष्टा’ हा शब्द आरोप करतो. ‘सर्वच माणसांच्या मनात सुप्त पूर्वग्रह असतात’ हे वाक्य कोणावरच आरोप करीत नाही. ज्या श्रोत्याने पहिल्या शब्दाला कान बंद केले असते, तो दुसरे वाक्य ऐकून घेतो. हा लाभ खरा होता. परंतु सर्वांचा दोष तो कोणाचाच नव्हे, अशी पळवाटही त्याच वाक्यात होती.

न्यूयॉर्कच्या वर्गाचे मूल्यमापन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पोलिसांचे त्या विषयातील ज्ञान वाढल्याचे त्यात आढळले. परंतु रस्त्यावर अडविणे, झडती घेणे आणि अटक करणे यांतील वांशिक तफावतीवर शिक्षणाचा परिणाम आढळून आला नाही. तत्पूर्वी २०१६ मध्ये ६,३२१ व्यक्तींवरील प्रयोगांत नऊ निरनिराळे उपाय तपासण्यात आले होते. नऊही उपायांनी कसोटीचे गुण तात्काळ बदलले. काही तासांनी वा काही दिवसांनी मात्र त्यांपैकी एकाचाही परिणाम टिकला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारनेही आपल्या नागरी सेवेतील असे वर्ग बंद करण्याचे धोरण जाहीर केले.

यावरून शिक्षणच निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. या शिक्षणाने जे शिकविले, म्हणजे मनाविषयीचे ज्ञान, ते विद्यार्थ्यांना आलेच. आचरण त्याने शिकविले त्याहून कमी, आणि अपेक्षा मात्र आचरणाची केली गेली.

५

या दृष्टीने कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांतून एप्रिल २०१४ मधील ९८१ वाहनतपासण्यांचे संभाषण स्टॅनफर्ड विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांनी अभ्यासिले. २४५ पोलिसांची ३६,७३८ उच्चारिते त्यात तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, गोऱ्या चालकांच्या वाट्यास आदरार्थी संबोधने, आभार व दिलगिरी अधिक येते, तर कृष्णवर्णीय चालकांना केवळ पहिल्या नावाने हाक, सलगीची संबोधने आणि हात दिसतील असे ठेवण्याच्या आज्ञा अधिक ऐकाव्या लागतात. अपराधाचे गांभीर्य, स्थळ आणि पोलिसाचा स्वतःचा वंश यांचा हिशेब घेऊनही हा भेद उरला. पूर्वग्रह येथे मनाच्या तळातून वर आणावा लागला नाही. तो उच्चारात उघड होता.

उपायही त्याच पातळीवर योजले गेले. कोणास अडविण्यापूर्वी, ही तपासणी विशिष्ट गुन्ह्याविषयीच्या माहितीवर आधारलेली आहे काय, या प्रश्नाचे उत्तर पोलिसाने नोंदवावे, असा नियम झाला. २०१७ मध्ये सुमारे ३२,००० असलेल्या तपासण्या २०१८ मध्ये सुमारे १९,००० वर आल्या, आणि कृष्णवर्णीयांच्या तपासण्या ४३ टक्क्यांहून अधिक घटल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आदराने कसे बोलावे हे शिकविणाऱ्या पाठानंतर पोलीस थांबविण्याचे कारण अधिक वेळा स्पष्ट सांगतात, चालकाच्या सुरक्षिततेची विचारपूस करतात आणि त्याला धीर देतात, असे दिसून आले. बोलणे शिकविले, आणि बोलणेच मोजले.

६

मराठी वाचकाला या इतिहासाची एक बाजू परिचित वाटेल. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात सुरू झालेला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचलेला गुन्हेगार जमातींचा कायदा पारधी, कैकाडी इत्यादी समाजांवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारीत असे. तेथे पूर्वग्रह सुप्त नव्हता. तो राजपत्रात छापलेला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या गेल्या, आणि जे लिखित होते ते अलिखित झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंग-नियमावलींतील जातिवाचक तरतुदी रद्द ठरविताना, विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयास पोलिसांना बजावावे लागले. रद्द झालेला शब्द सवयीत कसा उरतो, याचे हे उदाहरण होय.

मराठीत या संज्ञेस प्रतिशब्द योजताना ‘सुप्त’ आणि ‘अजाणता’ यांतील भेद म्हणूनच जपला पाहिजे. ‘सुप्त’ म्हटले की शोध मनाकडे वळतो. ‘अजाणता’ म्हटले की कोणी, काय केले हा प्रश्न शिल्लक राहतो. ज्या भाषेत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवड पहिल्याच वाक्यात करावी लागते, त्या भाषेत तक्रारदार आणि लोकसेवक यांच्या संभाषणाचा अभ्यास दर्जाच्या जाणिवेचा फार स्पष्ट पुरावा देऊ शकेल. ठाण्याच्या दारात कोणाला ‘या, बसा’ म्हटले जाते आणि कोणाला ‘काय रे’ म्हणून हटकले जाते, हे ऐकण्यास मनाचा तळ गाठावा लागत नाही. लोकसेवकाचे शिक्षण तेथून आरंभिले, तर त्याचे फळ निदान मोजता येईल.